मेंदूच्या चित्रातले रंग येतात कुठून: ब्रेन इमेजिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा: मानसशास्त्रात एम.ए. चालू आहे, पुढे संज्ञानात्मक मेंदूविज्ञानाकडे वळायचं आहे. एफएमआरआय (एमआरआय मशीनने मेंदूतले रक्तबदल टिपणं) शिकावं की ईईजी (डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडांनी मेंदूची वीज नोंदणं)? कोणतं सॉफ्टवेअर आधी हाताळावं? आणि बारावीनंतर गणिताशी संबंध सुटलेला असताना डेटा ॲनालिसिस झेपेल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देते: झेपेल. या क्षेत्रातलं रोजचं गणित म्हणजे रिग्रेशन (एका मापातला बदल दुसऱ्या मापांवरून किती सांगता येतो हे काढणं), थोडं सिग्नल प्रोसेसिंग आणि संख्याशास्त्राची पक्की समज. टी-टेस्ट आणि अनोव्हा (सरासऱ्यांतला फरक योगायोगाचा आहे का हे तपासणाऱ्या चाचण्या) परीक्षेपुरतं न घोकता समजून घेतलं असेल तर अर्धी वाट चालून झाली आहे. गाडी अडते ती दुसरीकडेच. येणारा प्रत्येक जण मशीन शिकायला येतो. मशीनमधून जे बाहेर पडतं ते आणि पेपरात छापलेलं लाल-पिवळं चित्र, या दोहोंच्या मध्ये माणसांनी घेतलेले किती निर्णय दडलेले असतात, याचा अंदाज फार थोड्यांना असतो. म्हणून या उत्तराचा मोठा भाग त्या निर्णयांवरच खर्च करणार आहे. सॉफ्टवेअरची नावं शेवटी येतीलच.

सुरुवात मोजमापापासून. यातली एकही पद्धत विचार मोजत नाही. एफएमआरआय रक्ताबद्दल सांगतं, ईईजी डोक्याच्या त्वचेवरच्या विजेबद्दल. तिथून विचारापर्यंतचा पूल आपण बांधायचा असतो, प्रयोगाच्या रचनेतून.

एफएमआरआयचं मूळ १९९० मधलं. सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये उंदरांवर काम करताना दाखवलं की रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदललं की एमआरआयचा सिग्नल बदलतो. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करतं, ऑक्सिजन धरलेलं करत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे रक्त येतं, आणि गंमत म्हणजे गरजेपेक्षा जास्तच येतं. त्यामुळे ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण तिथे घटतं आणि सिग्नल वाढतो. यालाच बोल्ड सिग्नल म्हणतात. १९९२ मध्ये माणसांवरचे पहिले बोल्ड प्रयोग प्रसिद्ध झाले आणि पुढच्या दहा वर्षांत हे क्षेत्र ओळखू येऊ नये इतकं बदललं.

बोल्डबद्दल दोन आकडे कायम डोक्यात ठेवा. एक, हा सिग्नल आळशी आहे: उद्दीपन दिल्यावर शिखर यायला साधारण पाच-सहा सेकंद लागतात आणि पूर्ववत व्हायला आणखी दहा-पंधरा. दोन, बदल असतो एखाद-दोन टक्क्यांचा. श्वास, नाडी, डोक्याची हालचाल, मशीनचं तापणं या सगळ्यांमुळे होणारे बदल याच मापाचे किंवा याहून मोठे असतात. आणि ज्याला आपण एक ठिपका म्हणतो तो व्हॉक्सेल, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचा ठोकळा, त्यात लाखो न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, असतात. त्यातले निम्मे एकीकडे आणि निम्मे दुसरीकडे चालले असतील तर तो ठोकळा आपल्याला काहीच सांगणार नाही. त्यातही तो रक्तबदल नेमकं काय टिपतो? मेंदूवैज्ञानिक लोगोथेटिस यांच्या गटाने २००१ मध्ये माकडांमध्ये एकाच वेळी इलेक्ट्रोड आणि एफएमआरआय वापरून पाहिलं. बोल्डचा मेळ न्यूरॉनच्या स्पाइकपेक्षा (न्यूरॉन स्वतः पुढे पाठवतो त्या विजेच्या ठोक्यांपेक्षा) स्थानिक विद्युत क्षेत्राशी, म्हणजे त्या भागात येणाऱ्या आणि तिथे घोळणाऱ्या सिग्नलशी, थोडा अधिक बसतो असं त्यांना दिसलं. म्हणून 'हा भाग पेटला' हे वाक्य मी विद्यार्थ्यांना वहीत लिहू देत नाही. पेटत काही नसतं.

ईईजी याच्या उलट टोकाला. हान्स बर्गर यांनी जर्मनीतल्या येना इथे १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटल्यावर मागच्या बाजूला उमटणारी, सेकंदाला आठ ते बारा-तेरा वेळा डोलणारी अल्फा लहर आजही पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवते. समोर बसलेल्याला 'डोळे मिटा' म्हणायचं. डोक्याच्या मागच्या इलेक्ट्रोडांवर लहर फुगताना दिसते. 'उघडा' म्हटलं की विरते. कुठलंही सॉफ्टवेअर नाही, सरासरी नाही, उघड्या डोळ्यांना दिसणारी मेंदूची हालचाल. बाकी सगळं यापेक्षा कितीतरी बारीक असतं.

ईईजीचा वेळेचा नेम मिलिसेकंदाचा. चेहरा दिसल्यावर सुमारे १७० मिलिसेकंदांनी येणारी एन-१७०, वाक्यात न बसणारा शब्द वाचल्यावर ४०० च्या आसपास येणारी एन-४००, असे टप्पे त्यात वेगळे ओळखता येतात. किंमत मोजावी लागते ती जागेच्या बाबतीत. कवटी आणि त्वचेतून येता येता सिग्नल पसरतो, आणि डोक्यावरच्या नोंदीवरून आतला उगम एकमेव असा ठरवता येत नाही. शेजारच्या लग्नघरातला बँड भिंतीतून स्पष्ट ऐकू येतो, गाणं कधी बदललं तेही कळतं, पण वाजवणारे हॉलमध्ये आहेत की अंगणात हे छातीठोक सांगता येत नाही, तसंच हे. उगमाचा अंदाज देणाऱ्या गणिती पद्धती आहेत, आणि त्या प्रत्येकीत काही ना काही गृहीत धरलेलं असतं. ते गृहीतक काय आहे हे विचारल्याशिवाय ती चित्रं पाहू नयेत.

आपल्याकडच्या ईईजीची एक खास बाब कुठल्याच परदेशी ट्यूटोरियलमध्ये सापडणार नाही: खोबरेल तेल. सहभागींना आदल्या दिवशी निरोप देताना 'डोकं धुऊन या, तेल लावू नका' हे आवर्जून सांगायचं, कारण तेलाच्या थराने इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यातला अडथळा वाढतो आणि जेल कितीही भरलं तरी तो उतरत नाही. दाट वेणी असेल तर टोपी घालायला दुप्पट वेळ धरायचा. दुसरी बाब ५० हर्ट्झची. घरगुती वीजपुरवठ्याची ही वारंवारता नोंदीत हमखास शिरते. आधी खोलीतले चार्जर, ट्यूबलाइट, एक्स्टेंशन बोर्ड आवरायचे, अर्थिंग तपासायचं, फिल्टर नंतर. फिल्टर लावून झाकता येतं म्हणून घाण येऊ देणं ही वाईट सवय आहे.

बाकीच्या पद्धती भरभर. एमईजी मेंदूतल्या विजेचं चुंबकीय क्षेत्र मोजतं. वेळेचा नेम ईईजीइतकाच, आणि कवटी चुंबकीय क्षेत्राला फारशी आडवी येत नसल्यामुळे जागेचा अंदाज जरा बरा. पण मोजायचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या अब्जांशाच्या आसपास असतं, त्यामुळे द्रवरूप हीलियम आणि कवचबंद खोली लागते. भारतात बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये एमईजी आहे. हीलियम न लागणारे, डोक्यावर टोपीसारखे घालता येणारे नवे सेन्सर आले आहेत आणि पुढच्या काळात माझं लक्ष त्यांच्यावर आहे. पेटमध्ये किरणोत्सारी द्रव्य टोचावं लागतं. कुठल्या मेंदूरसायनाचे ग्राहक (ते रसायन पकडणारे रेणू) कुठे आहेत असल्या प्रश्नांना तेच लागतं, पण निव्वळ कुठला भाग सक्रिय झाला हे पाहायला आज ते कुणी पहिल्यांदा निवडणार नाही. एफएनआयआरएस जवळच्या अवरक्त प्रकाशाने कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाच्या, वरच्या थरातला ऑक्सिजन पाहतं. खोलवरचं दिसत नाही, पण आईच्या मांडीवर बसलेल्या बाळावर प्रयोग करता येतो आणि हे थोडंथोडकं नाही. डिफ्युजन इमेजिंग पांढऱ्या तंतूंच्या दिशांचा अंदाज देतं, ते रचनेबद्दल बोलतं, क्रियेबद्दल नाही.

मग एफएमआरआय की ईईजी? प्रश्न ठरल्याशिवाय याला उत्तर नाही, आणि मला उडवाउडवी करायची नाही म्हणून एक उदाहरणच घेऊ. देवनागरीत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी लिहितो आणि नंतर उच्चारतो. 'कि' वाचताना डोळ्याला आधी वेलांटी भेटते, जिभेला आधी क. सरावलेल्या मराठी वाचकाच्या मेंदूला या उलटापालटीचा काही त्रास होतो का? हा खरा प्रयोगयोग्य प्रश्न आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात हिंदी वाचकांवर देवनागरी वाचनाचे एफएमआरआय प्रयोग झालेले आहेत, तेव्हा जमीन अगदीच पडीक नाही.

आता पाहा. 'हा त्रास होत असेल तर तो अक्षर दिसतानाच होतो, की उच्चार जुळवताना?' असं विचारलंत तर तो वेळेचा प्रश्न आहे, ईईजी घ्या. 'दृश्य अक्षरओळखीच्या भागात फरक दिसतो की उच्चाराशी जोडलेल्या भागात?' असं विचारलंत तर तो जागेचा, एफएमआरआय घ्या. आणि 'त्रास होतो का?' एवढंच विचारायचं असेल तर दोन्ही नकोत. संगणकावर शब्द दाखवा, वाचायला लागणारा वेळ मोजा, तो प्रयोग वसतिगृहाच्या खोलीतही होतो. वर्तनाच्या प्रयोगातून ज्याचं उत्तर मिळतं त्यासाठी स्कॅनर लावू नये, हे माझं ठाम मत आहे.

समजा एफएमआरआय ठरलं. शब्द दाखवले, मध्ये मध्ये नुसतं अधिक चिन्ह दाखवलं, दोन्हींची वजाबाकी केली. जे उरलं ते 'वाचन' का? नाही. शब्द आणि अधिक चिन्ह यांच्यात पडद्यावरच्या प्रकाशाचा फरक आहे, डोळ्यांच्या हालचालीचा आहे, उच्चाराचा आहे, अर्थाचा आहे, कुतूहलाचासुद्धा आहे. म्हणून तुलनेची पायरी बारीक करत न्यायची. खरे शब्द, मग 'तिकूर', 'गिमोळ' असे उच्चारता येणारे पण निरर्थक शब्द, मग अक्षरांच्या रेघा तोडून केलेली निव्वळ नक्षी. इकाराचे आणि बिनइकाराचे शब्द लांबीने, जोडाक्षरांनी आणि वापरातल्या वारंवारतेने सारखे हवेत. नाहीतर इकाराचा म्हणून जो परिणाम दाखवाल तो निव्वळ अनोळखी शब्दांचा निघेल. शिवाय सहभागी जागा राहिला पाहिजे. त्या नळकांड्यात, कानात बोळे घालून, ठकठक आवाजात, उताणं पडून माणसं चक्क झोपतात. मध्येच एखाद्या प्राण्याचं नाव आलं की बटण दाबायचं, असं किरकोळ काम द्यावं लागतं, आणि ती बटणाची उदाहरणं विश्लेषणात वेगळी धरावी लागतात.

स्कॅनरच्या खोलीबद्दल एवढंच सांगते की ३ टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे साठ हजार पट असतं आणि ते कायम चालू असतं, दिवे बंद असले तरी. मंगळसूत्र सगळ्यांच्या लक्षात राहतं. जोडवी आणि केसांतल्या पिना विसरतात. पेसमेकर, शस्त्रक्रियेतल्या क्लिपा, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, हे सगळं फॉर्मवर विचारायचं आणि तोंडी पुन्हा विचारायचं.

डेटा हातात आला. दोन सेकंदांना एक या हिशेबाने दहा मिनिटांत मेंदूची ३०० त्रिमित चित्रं मिळतात, म्हणजे प्रत्येक व्हॉक्सेलसाठी ३०० आकड्यांची एक रांग. नवशिका इथे लगेच पाइपलाइन, म्हणजे साफसफाईपासून विश्लेषणापर्यंतच्या पायऱ्यांची साखळी, चालवायला बसतो. थांबा. आधी ती ३०० चित्रं चित्रपटासारखी डोळ्यांनी पाहा. मान हळूहळू सैल पडत डोकं खाली सरकताना दिसेल. कुणी खोकलं तिथे चित्र एकदम उडी मारेल. कपाळाच्या मागे, नाकाच्या पोकळीच्या वर, आणि कानांजवळ काळे खड्डे दिसतील: तिथे हवा आणि ऊतक यांच्या सीमेमुळे सिग्नलच गळून जातो. हे खड्डे पाहिलेला माणूस पुढे कधीही 'डोळ्यांच्या वरच्या कॉर्टेक्समध्ये फरक आढळला नाही' असं बिनदिक्कत लिहीत नाही, कारण तिथे मोजलंच काही गेलेलं नसतं.

मग साफसफाई. डोक्याची हालचाल दुरुस्त करणं, मेंदूचे थर एकामागून एक टिपल्यामुळे त्यांच्या वेळांत पडलेला फरक मिटवणं, चुंबकीय क्षेत्रामुळे आलेलं ताणलेपण काढणं, त्या व्यक्तीच्या स्पष्ट रचनात्मक चित्राशी मेळ घालणं, मग ते सगळं एमएनआय नावाच्या प्रमाण मेंदूवर बसवणं, आणि शेवटी चार ते आठ मिलिमीटरचं धूसरीकरण. प्रत्येक पायरीवर पर्याय आहेत. धूसरीकरण जास्त केलं की मोठे परिणाम ठळक होतात आणि शेजारचे दोन छोटे भाग एकमेकांत मिसळतात. इकारासारख्या नाजूक प्रश्नाला मी कमीत कमी धूसर करेन.

हालचालीवर जरा रेंगाळते, कारण तिने या क्षेत्राला चांगलाच धडा शिकवला आहे. भारत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये दाखवलं की माणूस काहीही न करता पडून असतानाही मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हालचाल-केंद्रांचे सिग्नल एकत्र वरखाली होतात. त्यातून विश्रांत अवस्थेच्या अभ्यासाची मोठी शाखा उभी राहिली. लहान मुलांमध्ये जवळचे भाग घट्ट जोडलेले आणि वयानुसार लांबचे दुवे वाढत जातात, असा सुबक निष्कर्षही आला. २०१२ मध्ये जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मिलिमीटरच्या अंशाइतकी हालचालसुद्धा नेमका हाच देखावा तयार करते: जवळचे संबंध फुगतात, लांबचे दबतात. आणि मुलं मोठ्यांपेक्षा जास्त चुळबुळ करतात, हे सांगायला वैज्ञानिक लागत नाही. निष्कर्ष पूर्ण खोटा ठरला असं नाही, पण किती खरा हे नव्याने तपासावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक चित्रागणिक डोकं किती सरकलं याचा आलेख हा मी सहभागीचा डेटा उघडताना पाहते तो पहिला कागद असतो.

आता मुख्य विश्लेषण, आणि ते तुम्हाला आधीच येतं. इकाराचे शब्द कोणत्या सेकंदाला दाखवले याची यादी घ्यायची, तिला बोल्डच्या संथ वळणात बुडवून 'या भागाला इकाराने फरक पडत असेल तर सिग्नल असा दिसला असता' अशी अपेक्षित रेषा काढायची. तशीच दुसरी बिनइकाराच्या शब्दांची, तिसरी बटणाची. डोक्याच्या हालचालीचे सहा आकडे (तीन दिशांनी सरकणं, तीन दिशांनी वळणं) आणखी सहा रेषा म्हणून. मग प्रत्येक व्हॉक्सेलच्या ३०० आकड्यांवर या रेषांचं रिग्रेशन. प्रत्येक रेषेला एक गुणांक मिळतो, दोन गुणांकांची वजाबाकी म्हणजे तुमची तुलना. प्रत्येक सहभागीची ती वजाबाकी गोळा करून सगळ्यांवर मिळून एक टी-टेस्ट. झालं. छापील चित्रातले रंग म्हणजे या टी-मूल्यांना दिलेले रंग, तेही ठरावीक उंबरठ्याच्या वरचे. उंबरठ्याखालचं सगळं करड्या मेंदूआड लपलेलं असतं.

उंबरठा कुणी ठरवला? इथेच खरी लढाई आहे. दोन मिलिमीटरच्या प्रमाण मेंदूत सव्वादोन लाखांच्या आसपास व्हॉक्सेल असतात. प्रत्येकावर एक चाचणी. कुठेही काहीही घडलेलं नसताना ०.०५ चा, म्हणजे शंभरात पाचदा योगायोग चालेल असा, निकष लावला तर अकरा हजारांवर व्हॉक्सेल केवळ योगायोगाने रंगतील, ०.००१ लावला तरी सव्वादोनशे. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे भावनिक प्रसंगांतले फोटो दाखवले, इतक्या चाचण्यांसाठी निकष कडक करण्याची दुरुस्ती न करता विश्लेषण केलं, आणि माशाच्या मेंदूत 'प्रतिसाद' सापडला. योग्य दुरुस्ती केल्यावर तो नाहीसा झाला. २०१२ मध्ये या कामाला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक) मिळालं. लोक हसून सोडून देतात, पण त्या काळी प्रसिद्ध होणाऱ्या कितीतरी पेपरांचा निकष त्या माशाच्या निकषाइतकाच ढिला होता.

दुरुस्ती केली म्हणजे सुटलो असंही नाही. एकलुंड, निकोल्स आणि नुट्सन यांनी २०१६ मध्ये विश्रांत अवस्थेतला, म्हणजे कुठलाही प्रयोग न केलेला डेटा घेतला, त्यात खोटे प्रयोग कल्पून नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवले. ठिपक्यांच्या पुंजक्यावर आधारित काही पद्धतींत चुकीचे निष्कर्ष पाच टक्क्यांऐवजी सत्तर टक्क्यांपर्यंत गेले. दोष मुख्यतः ढिल्या प्राथमिक उंबरठ्याचा आणि डेटाच्या गुळगुळीतपणाबद्दलच्या गृहीतकांचा होता. तेव्हापासून शक्य तिथे पर्म्युटेशन चाचणी वापरावी असं मी सांगते. लेबलं हजारो वेळा अदलाबदल करून स्वतःच्याच डेटातून 'योगायोग किती मोठा असू शकतो' हे काढायचं. ईईजीतही हेच वापरतात, आणि समजायला ते टी-टेस्टपेक्षा सोपं आहे.

२०२० मध्ये 'नेचर'मध्ये आलेला एक अभ्यास तर भिंतीवर लावावा असा आहे. १०८ जणांचा एकच एफएमआरआय डेटा ७० वेगवेगळ्या संशोधक गटांना दिला, नऊ गृहीतकं तपासायला सांगितली. कुठल्याही दोन गटांनी हुबेहूब एकच पाइपलाइन वापरली नाही, आणि बऱ्याच गृहीतकांवर होकार-नकाराची उत्तरं फुटली. सगळे अनुभवी होते, लबाड कुणी नव्हतं. आपण प्रत्येक पायरीवर एक 'रास्त' पर्याय निवडतो आणि रास्त पर्यायांच्या अशा साखळ्या हजारो निघतात. म्हणून पर्याय डेटा पाहण्याआधी लिहून ठेवायचे, जमल्यास पूर्वनोंदणी करायची, म्हणजे तो बेत आधीच जाहीरपणे नोंदवायचा. आधी संपूर्ण मेंदूत जिथे फरक दिसला तो भाग निवडायचा आणि मग त्याच डेटावर त्या भागातला फरक 'सिद्ध' करायचा, हा तर उघड चक्रीपणा आहे. अजूनही थीसिसमध्ये सापडतो.

नमुना किती हवा, हा ठरलेला उपप्रश्न. एकाच व्यक्तीत दोन अवस्थांची तुलना असेल आणि परिणाम ठणठणीत असेल तर काही डझन सहभागी पुरतात. पण 'बुद्धिमत्ता', 'चिंता' अशा व्यक्तिव्यक्तींतल्या फरकांचा मेंदूच्या मापांशी संबंध शोधायचा असेल तर मारेक या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये सुमारे पन्नास हजार जणांच्या डेटावरून दाखवलंय की विश्वासार्ह उत्तराला हजारोंनी माणसं लागतात. एम.ए.च्या प्रबंधासाठी वीस जणांत व्यक्तिमत्त्व आणि अमिग्डला (मेंदूतला भावनांशी जोडलेला एक भाग) यांचा सहसंबंध काढायचा बेत असेल तर तो आजच सोडा.

निष्कर्ष लिहिताना होणारी सगळ्यात मोठी गफलत उलट्या अनुमानाची. भीती वाटली की अमिग्डलात बदल दिसतो, हे खरं. म्हणून अमिग्डलात बदल दिसला की भीती वाटली, हे खरं नाही. तो भाग आनंदाच्या, नवलाच्या, नुसत्या महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टींनाही प्रतिसाद देतो. हा निव्वळ तर्कशास्त्राचा काथ्याकूट वाटत असेल तर आपल्याच राज्यातली गोष्ट आठवा. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खून खटल्यात ईईजीवर आधारित चाचणीचा आधार दोषसिद्धीत घेतला गेला. आरोपी महिलेने गप्प बसून गुन्ह्याविषयीची वाक्यं ऐकायची आणि मेंदूलहरींवरून ती गोष्ट तिने 'अनुभवली' आहे की नुसती ऐकलेली आहे हे यंत्राने सांगायचं, असं त्या चाचणीचं स्वरूप. जगभरच्या मेंदूवैज्ञानिकांनी त्यावर टीका केली, कारण पद्धतीची स्वतंत्र पडताळणी झालेली नव्हती. २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना नार्को, पॉलिग्राफ आणि अशा मेंदूचाचण्या घटनेच्या कलम २०(३) विरुद्ध ठरवल्या. न्यायालयाचा मुख्य मुद्दा स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा होता, पण वैज्ञानिक मुद्दाही तितकाच भक्कम आहे: ओळखीची वाटणारी गोष्ट, भीतीने ऐकलेली गोष्ट आणि चौकशीत दहादा कानावर पडलेली गोष्ट, यांच्या लहरी एका माणसात खात्रीने वेगळ्या काढता येत नाहीत. प्रयोगशाळेत पन्नास जणांच्या सरासरीत दिसणारा फरक एका आरोपीवर लावणं म्हणजे उडीच.

आता व्यवहाराचं. तुमच्याकडे स्कॅनर नाही, आणि नसल्याने फार बिघडत नाही. पुण्या-मुंबईत एमआरआय मशीनं पुष्कळ आहेत, पण ती रुग्णांसाठी असतात. संशोधनाला वेळ मिळाला तर रात्रीचा किंवा रविवारचा, आणि त्यासाठी रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी. उलट उघडा डेटा मुबलक आहे. ओपनन्यूरो या संकेतस्थळावर शेकडो प्रयोगांचा डेटा फुकट मिळतो, ह्यूमन कनेक्टोम प्रकल्पाचा अकराशेहून जास्त तरुणांचा आहे. बिड्स नावाची फायली मांडण्याची एक प्रमाण पद्धत २०१६ पासून रूढ झाली आहे, ती आधी शिका. कंटाळवाणी आहे, पण तिच्यामुळे पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

सॉफ्टवेअरपैकी एसपीएम, एफएसएल आणि एएफएनआय ही तीन जुनी घराणी. तिन्ही चांगली आहेत आणि त्यांच्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. एसपीएमला मूळचं मॅटलॅब लागतं, ते महाग पडतं. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी पायथन ही फुकट मिळणारी प्रोग्रामिंग भाषा सांगेन: साफसफाईसाठी एफएमआरआयप्रेप, विश्लेषणासाठी नायलर्न, ईईजीसाठी एमएनई. मात्र एफएमआरआयप्रेप सगळं आपोआप करतं म्हणून प्रत्येक सहभागीमागे ते जो अहवाल काढतं तो न वाचता पुढे जाऊ नका. मेंदूची कडा प्रमाण मेंदूवर नीट बसली का, हे त्या अहवालातल्या चित्रांत दिसतं, आणि न बसलेली एक तरी हमखास सापडते.

तुम्हाला व्यक्तिशः सल्ला विचाराल तर ईईजीपासून सुरुवात करा. उपकरण परवडण्यातलं असल्यामुळे आसपासच्या एखाद्या विभागात सापडेल, डेटा स्वतः गोळा करता येईल, आणि कच्ची नोंद डोळ्यांनी वाचायची सवय लागेल. एफएमआरआयमध्ये ती सवय लावायला मुद्दाम प्रयत्न करावे लागतात. डोळ्याची उघडझाप, जबड्याचा ताण, सुटलेला इलेक्ट्रोड हे नोंदीत ओळखता येऊ लागले की मग सरासरी काढा. शंभर उदाहरणांच्या सरासरीत यादृच्छिक गोंगाट एक दशांशावर येतो, पण उघडझाप यादृच्छिक नसते. शब्द दिसल्यावर लोक मुहूर्त साधून पापणी लववतात, म्हणून ती सरासरीत नाहीशी न होता ठसठशीत होते.

त्याच्या जोडीला एक उघडा एफएमआरआय डेटा घेऊन एखाद्या प्रसिद्ध पेपरातलं एकच चित्र स्वतः पुन्हा काढून पाहा. चेहरे आणि घरं यांची तुलना सोपी पडते, कारण परिणाम मोठा आहे आणि नायलर्नमध्ये तसा डेटा तयार मिळतो. मग उंबरठा बदला, धूसरीकरण दुप्पट करा, हालचालीच्या रेषा काढून टाका, आणि प्रत्येक वेळी चित्र कसं बदलतं ते शेजारी शेजारी ठेवा. पीएच.डी.साठी कुठल्या प्रयोगशाळेला पत्र लिहाल तेव्हा कोर्सच्या प्रमाणपत्रांऐवजी या कामाची कोडसकट लिंक पाठवा. माझ्याकडे अशी पत्रं येतात तेव्हा मी ती लिंक आधी उघडते.